मे महिन्यात विजयनगर

हंपीचा दगड सकाळी नऊच्या सुमाराला तापायला लागतो आणि रात्रीची जेवणं आटोपली तरी निवत नाही. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट तो. एकावर एक रचून ठेवल्यासारखे दिसणारे इथले प्रचंड धोंडे कुणी आणून टाकलेले नाहीत, की कुठून गडगडत आलेले नाहीत. मूळच्या अखंड खडकाला उभ्या-आडव्या चिरा गेल्या, चिरांमधून पाणी मुरलं, कडा झिजल्या, भोवतालचा भुगा वाहून गेला आणि मधले गाभे जागच्या जागी उघडे पडले. हे गाभे दिवसभर ऊन पितात आणि वारा पडला की सगळं परत करतात. मेमध्ये पारा चाळिशीला टेकलेला असतो. होस्पेट स्टेशनवर रिक्षावाल्यानं आमच्या पाठीवरच्या पिशव्या बघितल्या आणि पहिला प्रश्न केला, "आत्ता कशाला आलात?"

प्रश्न रास्त होता. हंपीला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जायचं, हे शाळेच्या सहलीपासून सगळ्यांना पाठ असतं. पण विजयनगर ही हिवाळी राजधानी नव्हती. १३३६ मध्ये हरिहर आणि बुक्क यांनी पाया घातल्यापासून १५६५ पर्यंत, म्हणजे सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ, हे शहर बारमाही नांदलं. अभ्यासकांचे लोकवस्तीचे अंदाज काही लाखांच्या घरात जातात. मुलूख बळ्ळारीचा, पावसानं कायम हात आखडता घेतलेला. हत्ती, घोडे, पलटणी, देवळांचे नैवेद्य, राण्यांची स्नानं आणि शेती, हे सगळं चैत्र-वैशाखात कसं चालत असेल? हिवाळ्यात हा प्रश्नच पडत नाही, कारण तेव्हा माणूस शिल्पं बघतो. उन्हाळ्यात तो सावली आणि पाणी शोधतो, आणि हंपीत सावली आणि पाणी शोधत गेलं की शहराचा नकाशा आपोआप उलगडत जातो. रिक्षा-स्कूटर न करता पायी हिंडायचं ठरवलं ते एवढ्यासाठीच. सोबत सोलापूरचा मित्र होता. त्याच्या घरी कानडी बोलतात, त्यामुळे माझी निम्मी अडचण सुटली.

मुक्काम कमलापुरात केला आणि उजाडायच्या आत निघालो. गावाला लागूनच विजयनगर काळातला मोठा तलाव आहे. राजवाड्याच्या भागाला पाणी पुरवणारी व्यवस्था इथून सुरू होते. तिथून उत्तरेकडे चालत गेलं की शाही तटबंदी लागते आणि आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते रितेपण. नजर जाईल तिकडे नुसती जोती. एका दालनाच्या जोत्यावर तर खांबांच्या खुणा रांगेनं दिसतात, शंभर खांबांचं दालन म्हणतात त्याला, पण खांब एकही नाही. वरचा सगळा डोलारा लाकडाचा होता. दोमिंगो पाइश हा पोर्तुगीज १५२० च्या आसपास, कृष्णदेवरायाच्या भरभराटीत, गोव्याहून आलेल्या मंडळींबरोबर इथे आला होता. त्यानं राजवाड्यातल्या एका हस्तिदंती खोलीचं, खांबांवर कोरलेल्या गुलाब-कमळांचं वर्णन केलं आहे, आणि शहर रोमएवढं मोठं वाटल्याचं लिहिलं आहे. आज त्या जागी पाली आहेत आणि वाळलेलं कुसळी गवत आहे.

महानवमी दिब्बा मात्र अजून दणदणीत उभा आहे. तीन टप्प्यांचा हा दगडी चौथरा. नवरात्राचे नऊ दिवस राजा इथून सोहळा बघायचा. पाइशनं ते नऊ दिवस प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवले आहेत. चौथऱ्याच्या बाजूंवर शिल्पांचे पट्टे आहेत: हत्तींच्या रांगा, शिकारी, नाचणाऱ्या बाया, उंच टोप्या घातलेले परदेशी लोक, आणि घोडे, घोडे, घोडे. विजयनगरला घोड्याचं वेड नव्हतं, गरज होती. दख्खनच्या हवेत चांगली पैदास होत नसे म्हणून अरबी घोडे समुद्रमार्गे गोवा आणि भटकळच्या बंदरांतून यायचे. फेर्नाव नुनिश हा दुसरा पोर्तुगीज, ज्याच्या बखरीवर आजचा बराचसा इतिहास उभा आहे, तो स्वतः घोड्यांचा व्यापारी होता. या दोघांची हस्तलिखितं पॅरिसच्या ग्रंथालयात पडून होती. ती १८९७ मध्ये छापली गेली, आणि रॉबर्ट स्युएलनं १९०० मध्ये आपल्या ग्रंथात त्यांचं इंग्रजी भाषांतर दिलं. तोवर विजयनगर हे इथल्या गुराख्यांना आणि पुजाऱ्यांना ठाऊक होतं, बाहेरच्या जगाला फारसं नव्हतं.

दिब्ब्यावर चढलो तेव्हा आठ वाजले होते आणि वर एका माणसापुरतीही सावली नव्हती. माथ्यावर खांब रोवायच्या खाचा तेवढ्या आहेत. म्हणजे वर मांडव होता, तोही लाकडाचा. त्याखेरीज भर उन्हात नऊ दिवस कोण बसणार?

इथून खाली बघितलं की हंपीतली सगळ्यात हुशार गोष्ट दिसते. कमरेएवढ्या उंचीच्या दगडी खांबांवर दगडाच्याच पन्हळी टेकवत एक ओळ मैदानभर गेली आहे. खाली उतरून जवळ जाऊन बघितलं. एकेक पन्हळ म्हणजे अखंड चिरा, वरून नाली कोरलेली, आणि दोन चिऱ्यांच्या सांध्यात चुना भरलेला. अंगठा घालून बघितला तर काही सांध्यांत तो अजून घट्ट आहे. ही पन्हळ जिथे जाते ती पायऱ्यांची पुष्करणी ऐंशीच्या दशकातल्या उत्खननात मातीखालून निघाली. भोवताली सगळा करडा-तांबूस ग्रॅनाइट आणि मधोमध हा काळसर, तासून गुळगुळीत केलेला दगड. पायऱ्यांचे पाच टप्पे खाली उतरत जातात आणि प्रत्येक टप्प्यावर छोट्या पायऱ्यांच्या त्रिकोणी रांगा. जवळून पाहिलं तर चिऱ्यांवर अक्षरं आणि आकडे कोरलेले आहेत: कोणती बाजू, कितवी पायरी, कितवा दगड. म्हणजे सगळे चिरे आधी दुसरीकडे घडवून, खुणा घालून इथे आणून जुळवले. पाथरवटांचा हिशेब पाचशे वर्षांनी जसाच्या तसा वाचता येतो. राजाच्या प्रशस्तीचे शिलालेख पुष्कळ आहेत, पण मला हे आकडे अधिक बोलके वाटले.

आता थोडं नावांविषयी. हंपीतल्या पाट्यांवर फार विसंबू नये. 'राणीचं स्नानगृह', 'जनाना', 'कमळ महाल' ही नावं नंतरच्या लोकांनी अंदाजानं ठेवलेली आहेत. १७९९ मध्ये कॉलिन मॅकेन्झीनं अवशेषांचा नकाशा करून घेतला, त्यात कमळ महालाची नोंद मसलतखाना अशा अर्थाची आहे. राणीचं स्नानगृह तर शाही तटबंदीच्या बाहेर आहे. राण्या अंघोळीला तट ओलांडून जात असतील, हे पटायला जड आहे. राजा आणि दरबारी मंडळींच्या जलक्रीडेची ती जागा असावी. भोवती पाण्याचा खंदक, मध्ये चौकोनी हौद, हौदावर झुकलेले नक्षीदार सज्जे, कमानी सगळ्या सुलतानी घाटाच्या. जनान्याला लागून हत्तींचा अकरा घुमटांचा तबेला कसा, असं एका मार्गदर्शकाला विचारलं तर तो हसून म्हणाला, "सर, पब्लिकला राणी पाहिजे."

हिंदू साम्राज्य म्हणून विजयनगरचा गजर करणाऱ्यांनी हे घुमट आणि या कमानी जरूर बघाव्यात. इथल्या राजांनी स्वतःला हिंदू सुलतान म्हणवून घेतलं, शहरात १४३९ ची मशीद आहे, त्याआधीचं १३८५ चं जैन मंदिर आहे, सैन्यात मुसलमान सरदार होते. ही सरमिसळ त्या काळाला खुपत नव्हती.

अष्टकोनी कुंडाच्या बाजूला, रस्त्याच्या कडेनं जमिनीलगत एक दगडी नाली जाते. तिच्या दोन्ही काठांना दगडी पाट्या मांडल्या आहेत आणि प्रत्येक पाटीत ताट कोरलेलं आहे, मधे मोठा खळगा भाताचा, बाजूनं वाट्यांचे छोटे खळगे. पाहुणे समोरासमोर पंगतीला बसायचे, मधून पाणी वाहायचं. हात धुवायला, ताट धुवायला उठायचं कामच नाही. मित्रानं मांडी घालून ताटाचं माप घेऊन बघितलं. कोशिंबिरीची जागा कोणती यावर आमचा थोडा वाद झाला. लोक इथे थांबत नाहीत, गाडीतून निघून जातात.

दहाच्या पुढे उघड्यावर चालणं म्हणजे हट्ट. डोक्याला पंचा बांधून उत्तरेकडे उतरलो आणि पाचेक मिनिटांत हवा पालटली. राजवाड्यांचा भाग आणि देवळांचा भाग यांच्या मध्ये एक सखल पट्टा आहे. त्यातून तुरुत्तू कालवा वाहतो. दोन्ही अंगांना केळीच्या बागा, नारळ, ऊस, भाताची खाचरं. वर तापलेला खडक आणि खाली घोट्याएवढा चिखल. पाणी संथ, मातकट, जिवंत. काठावर एक म्हातारा शेतकरी बांधाचं तोंड फोडून केळीला पाणी देत होता. मित्रानं "अज्जा" म्हणून हाक मारली आणि कालवा कुणाचा, म्हणून विचारलं. "रायांचा," म्हातारा सहज म्हणाला, जणू राय मागच्या आठवड्यात येऊन गेले होते. मग आम्हाला झाडाखाली बसवून, मधला दुरुस्तीचा बंदकाळ, गाळ काढायची पाळी, वरच्या शेतकऱ्यांची पाणीचोरी, हे सगळं त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं. कालव्याकाठी राहणाऱ्या माणसाच्या तक्रारी सगळीकडे सारख्याच.

या पाण्याची हकिगत नुनिशनं लिहून ठेवली आहे. शहरात पाणी नाही म्हणून लोकवस्ती वाढत नाही, हे ओळखून एका राजानं नदीवर बंधारा घालून पाणी आत आणलं, असं तो सांगतो. हा राजा म्हणजे पहिला देवराय, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा, असं मानतात. त्या पाण्यानं बागा-शेतं फुलली आणि महसूल साडेतीन लाख परदाव नाण्यांहून अधिक वाढला, हेही नुनिश नोंदवतो. व्यापाऱ्याची नजर ती. पुढे कृष्णदेवरायानं आजच्या होस्पेटजवळ प्रचंड तलाव बांधायला घेतला. त्या कामावर पंधरा-वीस हजार माणसं पाहिल्याचं पाइश लिहितो. मदतीला गोव्याहून एक पोर्तुगीज बांधकामतज्ज्ञही आणला होता. बांध दोन-तीनदा फुटला तेव्हा ब्राह्मणांच्या सल्ल्यानं माणसांचा बळी दिला गेला, असंही पाइशच सांगतो. कृष्णदेवरायाच्या गुणगानात हा तपशील सहसा गाळला जातो.

दुपार हंपी बाजारातल्या एका मंडपात काढली. विरूपाक्ष मंदिरासमोरून मातंग टेकडीच्या पायथ्याच्या नंदीपर्यंत हा बाजार पाऊण-एक किलोमीटर सरळ जातो, दोन्ही बाजूंना दुमजली दगडी मंडपांच्या रांगा. जाड छत, उघड्या बाजू, ओळीनं खांब. बाहेर डोळे दिपत होते आणि आत चक्क डुलकी लागण्याजोगा गारवा होता. हंपीभर एवढे मंडप का, याचं उत्तर मला तिथे आडवं झाल्यावर मिळालं. या मंडपांत २०११ पर्यंत माणसं राहत होती, दुकानं होती, खाणावळी होत्या. पाचशे वर्षांपूर्वी मोती आणि रेशीम विकलं गेलं तिथे अलीकडे चहा आणि कॅसेट विकल्या जायच्या. त्या जुलैत प्रशासनानं अतिक्रमण म्हणून बुलडोझर लावले. कुटुंबांना कड्डीरामपुराकडे हलवलं गेलं. १९८६ मध्ये हंपी जागतिक वारसा झाली, पुढे काही वर्षं धोक्यातल्या वारशांच्या यादीतही होती, तेव्हा जपणूक हवी याबद्दल दुमत नाही. पण बाजाराला बाजार ठेवून जपता आलं नसतं का? आज तिथे स्वच्छता आहे आणि शुकशुकाट आहे. सोडा-सरबताची गाडी शोधायला आम्हाला पार देवळाच्या मागच्या गल्लीत जावं लागलं. तिथे एका बाईंनी मिरची भजी आणि चुरमुऱ्यांची मंडक्की दिली, वर ताकाचा मोठा पेला. भर उन्हात भजी खाऊ नये हे मान्य, पण त्या मिरचीपुढे इलाज नव्हता.

विरूपाक्षाचं देऊळ एकट्यानं जिवंत राहिलं आहे. शहराच्या आधीपासून ते होतं, शहर पडल्यावरही पूजा थांबली नाही. पन्नासेक मीटर उंचीचं गोपुर आहे. चपला काढून अंगणातून मंडपापर्यंतचं अंतर भक्त अक्षरशः पळत कापतात. आत मागच्या बाजूला एका अंधाऱ्या खोलीत भिंतीच्या छोट्या भोकातून प्रकाश येतो आणि समोर गोपुराची सावली उलटी, शेंडा खाली अशी पडते. ऊन जेवढं कडक तेवढी ती रेखीव. मे महिन्याचा हा एक निखळ फायदा.

उन्हं कलल्यावर नदीकाठच्या पायवाटेनं विठ्ठल मंदिराकडे निघालो. पलीकडून बॅटरीच्या गाड्या मंदिराच्या दारापर्यंत सोडतात, पण बाजाराच्या टोकाकडून येणारी दोनेक किलोमीटरची ही वाट सोडू नये. डावीकडे तुंगभद्रा, उन्हाळ्यात खडकांमधून वाट काढत जाणारी. वाटेतल्या खडकांवर आयताकृती भोकांच्या रांगा दिसतात. पाथरवट या भोकांत पाचरी ठोकून दगड फोडायचे. काही खडकांना भोकं आहेत पण ते फुटलेले नाहीत, काम अर्धवट टाकून माणसं उठून गेली आहेत. पुढे नदीकाठी पुरंदरदासांच्या नावाचा मंडप लागतो. त्यांचा जन्म आपल्या पुरंदरगडाजवळचा अशी एक परंपरा आहे. ते १५६४ मध्ये गेले असं मानतात. म्हणजे शहराचा शेवट त्यांनी वर्षाच्या अंतरानं चुकवला.

विठ्ठल मंदिरात मराठी माणूस वेगळ्या मनानं शिरतो. कृष्णदेवरायानं पंढरपूरची मूर्ती इथे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकलेली असते. इतिहासाच्या कसोटीवर तिचं काय होतं यावर संशोधकांत वाद आहेत. विठ्ठलाच्या कानडी नात्याचा शोध घ्यायचा असेल त्यानं रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हाताशी ठेवावं. गाभारा मात्र रिकामा आहे. कथा खरी मानली तरी रिकामा, खोटी मानली तरी रिकामा. आत अंधार, वटवाघळांचा दर्प, आणि एक नागपूरकर कुटुंब त्या रित्या चौथऱ्याला मनोभावे नमस्कार करत होतं.

बाहेर दगडी रथाशी गर्दी होती. पन्नासच्या नोटेवर तो छापल्यापासून प्रत्येकजण नोट हातात धरून फोटो काढतो. रथ म्हणजे खरं तर गरुडाचं छोटं देऊळ. पुढे जोडलेले हत्ती नंतर बसवलेले आहेत, मूळच्या घोड्यांच्या पायांच्या खुणा त्यांच्या मागे निरखून पाहिलं तर दिसतात. १८५६ मध्ये अलेक्झांडर ग्रीनलॉनं इथली छायाचित्रं टिपली, तेव्हा रथावर विटांचं शिखर होतं. ते पुढे उतरवलं गेलं. ज्या खांबांतून सूर निघतात त्यांना आता हात लावू देत नाहीत. योग्यच आहे. लोकांनी ठोकून ठोकून त्यांचा जीव काढला होता.

शहराचा शेवट कसा झाला, तेही सांगायला हवं. २३ जानेवारी १५६५ ला राक्षसतागडीच्या मैदानात विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर यांच्या एकत्र फौजांनी विजयनगरचा कारभार हाती असलेल्या रामरायाचा पराभव केला. अहमदनगरच्या हुसेन निजामशहानं त्याचं मुंडकं उडवलं. याच रामरायानं काही वर्षांपूर्वी विजापूरच्या बाजूनं अहमदनगरवर स्वारी केली होती, हे आपल्याकडच्या वाचकानं विसरू नये. आज विजापुरात असलेली, अहमदनगरला ओतलेली मुलुखमैदान तोफ त्या लढाईत धडाडली असं सांगतात. रामरायाचा भाऊ तिरुमल खजिना घेऊन पेनुकोंड्याला निघून गेला आणि राजधानी महिनोन्महिने लुटली गेली. उत्खननात राजवाड्यांच्या जोत्यांवर कोळसे आणि राख सापडली. लाकडी विजयनगर त्या आगीत गेलं. १५६७ मध्ये चेझारे फेदेरिची हा व्हेनिसचा व्यापारी आला तेव्हा घरं उभी होती पण ओस पडलेली, आणि त्यांत वाघ वगैरे जनावरं राहतात असं त्यानं लिहिलं. विरूपाक्षाला मात्र कुणी हात लावला नाही. सगळाच विध्वंस आंधळा नव्हता.

माझं मत विचाराल तर हंपीतली सगळ्यात मोठी वास्तू दिब्बा नाही, गोपुर नाही, दगडी रथ तर नाहीच. ती आहे तुरुत्तू कालवा, आणि तिकिटाच्या मागच्या नकाशात तिला जागा मिळत नाही. सम्राट गेले, पण खालच्या शेतकऱ्याला पाणी हवंच होतं, म्हणून तो गाळ काढत राहिला. १९५३ मध्ये वर तुंगभद्रा धरण झालं आणि रायांच्या कालव्यांना धरणाच्या भरवशाचं पाणी मिळू लागलं. पुरातत्त्व खात्याला शिल्पांची काळजी आहे, पाटबंधारे खात्याला क्युसेकची. जुना कालवा आणि त्याच्या काठची शेती हा वारसा म्हणून एकत्र सांभाळायची जबाबदारी मात्र नेमकी कुणाची दिसत नाही. काठावर सिमेंटचं अस्तर चढू लागलं की जुने दगड दिसायचे बंद होतात.

जायचं असेल तर कमलापुरात उतरा आणि पहाटे साडेपाचला चालायला लागा. टोपीऐवजी ओला पंचा, प्रत्येकी तीन लिटर पाणी आणि थोडं मीठ-साखर जवळ ठेवा. अकरा ते साडेतीन मंडपात किंवा केळीच्या बागेत काढा. कालव्याच्या काठानं चालायला तिकीट लागत नाही. विठ्ठल मंदिर, कमळ महालाचा परिसर आणि कमलापूरचं संग्रहालय यांना एकच तिकीट चालतं, पण त्याच दिवसापुरतं. तेव्हा ते जपून ठेवा, आणि संग्रहालयातली अख्ख्या विजयनगरची प्रतिकृती पायपिटीच्या आधी बघा. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं.